हव्या त्याच ओळी: डेटाबेसमधील शोधाच्या अटी

डेटाबेसमधील शोधाची अट म्हणजे तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला विचारलेला एक प्रश्न. ज्या ओळीबाबत उत्तर 'खरे' येते ती निकालात येते, बाकीच्या मागे राहतात. नियम एवढाच असला तरी त्याचा एक परिणाम सतत ध्यानात ठेवावा लागतो. आज्ञेचे व्याकरण चुकले तर संगणक अडतो आणि तसे सांगतो. अटीचा अर्थ चुकला तर मात्र तो काहीच सांगत नाही. रकाने जागच्या जागी, बेरीज खाली, असा नीट मांडलेला तक्ता मिळतो आणि त्यातून गळलेल्या ओळींचा मागमूसही राहत नाही. म्हणून अट लिहिता येणे हे निम्मे काम, आणि तिच्यातून काय निसटले हे ओळखणे हे उरलेले निम्मे.

एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा न शिकलेली माणसेही अशा अटी रोज घालत असतात. नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी येथील एखाद्या शेताचा सातबारा राज्याच्या 'महाभूलेख' संकेतस्थळावर पाहायचा असेल, तर आधी बुलढाणा जिल्हा निवडावा लागतो, मग नांदुरा तालुका, गाव आणि शेवटी गट क्रमांक किंवा खातेदाराचे नाव. ही पायऱ्यांची रचना निव्वळ सोयीची नाही. गट क्रमांक ४५ राज्यातल्या असंख्य गावांत आहे. एकटा तो कोणतीच जमीन ठरवत नाही. जिल्हा, तालुका, गाव आणि गट या चार अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तरच एक सातबारा हाती लागतो. नावाने शोधताना संकेतस्थळ पहिले नाव, मधले नाव, आडनाव किंवा संपूर्ण नाव असे पर्याय देते. म्हणजे त्याच शोधाची एक अट बदलून दुसरी लावली जाते.

गावाचे नाव तिथे टंकावे लागत नाही, यादीतून निवडावे लागते, यालाही कारण आहे. महाराष्ट्रात 'वडनेर' पुष्कळ आहेत. चांदवड तालुक्यात वडनेर भैरव, मालेगाव तालुक्यात वडनेर खाकुर्डी, दर्यापूर तालुक्यात वडनेर गंगाई, पारनेर तालुक्यात वडनेर बुद्रुक, आणि हिंगणघाट तालुक्यात नुसतेच वडनेर. माणूस संदर्भावरून ओळखतो; डेटाबेसला संदर्भ नसतो. म्हणून यादीमागे नावाऐवजी संकेतांक वापरले जातात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ आणि बुलढाणा जिल्ह्याचा ५०० आहे. ज्या तक्त्यात असे संकेतांक आहेत तिथे नावाने गाळणी लावण्याचा मोह टाळावा. बुलढाणा, बुलडाणा असे नाव मराठीतच दोन तऱ्हांनी लिहिले जाते आणि रोमन लिपीतही ते 'ह'सह व 'ह'विना अशा दोन्ही रूपांत आढळते. ५०० मात्र एकाच तऱ्हेने लिहितात.

अटीचा सांगाडा

तक्ते, ओळी आणि रकाने यांवर उभी असलेली संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. आयबीएममधील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये तिच्यासाठी प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली; तीच पुढे एसक्यूएल झाली आणि १९८६ मध्ये तिचे अमेरिकी प्रमाण ठरले. ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर यांच्या बोली थोड्या वेगळ्या असल्या तरी अट लिहिण्याची मूळ पद्धत सगळीकडे एकच आहे.

पुढील उदाहरणांसाठी 'आवक' नावाचा एक नमुना तक्ता धरला आहे. बाजार समित्यांच्या दैनंदिन आवकेची त्यात एकेक ओळ आहे आणि दिनांक, समिती, जिल्हा, शेतमाल, क्विंटल, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर असे रकाने आहेत. आज्ञा आणि अंक प्रत्यक्षात रोमन लिपीतच टंकावे लागतात. इथे ते वाचण्यासाठी देवनागरीत दिले आहेत.

सिलेक्ट दिनांक, समिती, क्विंटल, सर्वसाधारण_दर
फ्रॉम आवक
व्हेअर समिती = 'नांदुरा' अँड शेतमाल = 'सोयाबीन'

'सिलेक्ट' कोणते रकाने हवेत ते सांगते, 'फ्रॉम' कोणत्या तक्त्यातून, आणि 'व्हेअर' नंतर येते ती अट. मजकूर एकेरी अवतरणात जातो, संख्या तशीच लिहितात. बरोबर, बरोबर नाही, मोठे, लहान, मोठे किंवा समान, लहान किंवा समान या सहा तुलनांवर बरेचसे काम भागते.

तुलना करण्याआधी रकान्याचा प्रकार पाहावा. क्विंटलचा रकाना चुकून मजकूर म्हणून साठवला असेल तर '९' हा '१००' पेक्षा मोठा ठरतो, कारण मजकुराची तुलना डावीकडून एकेका चिन्हाने होते आणि ९ हे चिन्ह १ नंतर येते. एक्सेलमधून आयात केलेल्या तक्त्यांत हे फार होते. ५० क्विंटलांपेक्षा जास्त आवक मागावी तर ६ आणि ७ क्विंटलांच्या ओळी येतात आणि ४०० क्विंटलांची गळते. गट क्रमांकाचे उलटे आहे: '४५/२' असे उपविभाग असल्याने तो मजकूर म्हणूनच ठेवावा लागतो, आणि मग त्यावर मोठे-लहानची अट लावणे सोडून द्यावे.

आणि, किंवा

दोन अटी 'अँड'ने जोडल्या की दोन्ही खऱ्या असाव्या लागतात. 'ऑर'ने जोडल्या की एक खरी असली तरी पुरते. शाळेतले तर्कशास्त्र इथपर्यंत सोपे. घोळ होतो तो बोलण्यातली मागणी अटीत उतरवताना. साहेब म्हणतात, "नांदुरा आणि मलकापूरची आवक काढा." हे शब्दशः उतरवले तर:

व्हेअर समिती = 'नांदुरा' अँड समिती = 'मलकापूर'

निकाल शून्य ओळी. अट एकेका ओळीला विचारली जाते, आणि कोणतीही एक ओळ एकाच वेळी दोन समित्यांची नसते. बोलताना 'आणि' म्हटले तरी अटीत इथे 'ऑर' हवे. शून्य ओळी आल्या की निदान चूक लक्षात तरी येते. खरी फसगत पुढच्या उदाहरणात आहे:

व्हेअर समिती = 'नांदुरा' ऑर समिती = 'मलकापूर' अँड शेतमाल = 'सोयाबीन'

वाचायला ठीक वाटते, पण निकालात नांदुऱ्याची तूर, हरभरा, मका, सगळेच येते. गुणाकार जसा बेरजेआधी होतो तसा 'अँड' हा 'ऑर'च्या आधी जुळतो. डेटाबेसने अट अशी वाचली: मलकापूरचे सोयाबीन, किंवा नांदुऱ्याचे काहीही. निकालात दोन्ही समित्या दिसतात, सोयाबीनही दिसते. शेकडो ओळींच्या तक्त्यात वरच्या दहा ओळी पाहून कोणालाच शंका येत नाही. बेरीज तेवढी फुगते. उपाय कंसाचा:

व्हेअर (समिती = 'नांदुरा' ऑर समिती = 'मलकापूर') अँड शेतमाल = 'सोयाबीन'

जिथे 'अँड' आणि 'ऑर' एकत्र येतात तिथे गरज असो वा नसो, कंस घालावेत. प्राधान्यक्रम पाठ आहे म्हणून कंस गाळणाऱ्याची आज्ञा पुढे दुसरा कोणीतरी दुरुस्त करणार असतो, आणि त्याला तो पाठ असेलच असे नाही. एकाच रकान्याच्या अनेक किमती हव्या असतील तर 'ऑर'ची माळ लावण्यापेक्षा 'इन' वापरणे चांगले:

व्हेअर समिती इन ('नांदुरा', 'मलकापूर', 'खामगाव') अँड शेतमाल = 'सोयाबीन'

यात कंसाचा प्रश्नच उरत नाही, आणि चौथे नाव घालायचे झाले तर ते यादीत घातले की झाले.

रिकामा रकाना

अटींच्या संदर्भात सर्वांत जास्त ओळी कुठे हरवत असतील तर त्या रिकाम्या रकान्यांत. किंमत भरलेलीच नाही हे दाखवण्यासाठी डेटाबेस 'नल' ही खूण ठेवतो. नल म्हणजे शून्य नव्हे, मोकळी जागाही नव्हे. 'माहीत नाही' एवढाच त्याचा अर्थ. माहीत नसलेल्या गोष्टीची कशाशीही तुलना केली तरी उत्तर 'माहीत नाही' असेच येणार. म्हणून एसक्यूएलमध्ये अटीची उत्तरे दोन नसतात, तीन असतात: खरे, खोटे आणि अज्ञात. निकालात फक्त 'खरे' ओळी येतात, त्यामुळे अज्ञात ओळी खोट्यांच्या जोडीने बाहेर राहतात.

याचा फटका कसा बसतो ते पाहू. समजा एका गावाच्या शेतांच्या तक्त्यात 'सिंचन_साधन' हा रकाना आहे आणि त्यात विहीर, कूपनलिका, कालवा असे लिहिले आहे. कोरडवाहू शेतांपुढे भरणाऱ्याने काहीच लिहिलेले नाही, कारण साधनच नाही. आता विहिरीच्या एखाद्या योजनेसाठी 'विहीर नसलेली शेते' काढायची आहेत:

व्हेअर सिंचन_साधन <> 'विहीर'

तक्त्यात २०० शेते असून त्यांपैकी ७० ना विहीर, ३० ना इतर साधन आणि १०० रिकामी असतील, तर निकालात ३० च ओळी येतील. ज्यांच्यासाठी यादी काढायची ती १०० कोरडवाहू शेतेच तिच्यातून गायब. बुलढाण्यासारख्या मुख्यतः पावसावर अवलंबून असलेल्या जिल्ह्यात ही चूक म्हणजे यादीचा हेतूच उलटा करणे होय. योग्य अट अशी:

व्हेअर सिंचन_साधन <> 'विहीर' ऑर सिंचन_साधन इज नल

नल शोधायला 'इज नल' आणि 'इज नॉट नल' हीच रूपे चालतात. '= नल' लिहिले तर आज्ञा चालते, पण उत्तर प्रत्येक ओळीला 'अज्ञात' असल्याने काहीच मिळत नाही.

सरकारी तक्त्यांत आणखी एक अडचण असते. रिकामेपणा लिहिण्याच्या तऱ्हा अनेक: कोणी रकाना तसाच सोडतो, कोणी '-' ठेवतो, कोणी '०', आणि कार्यालयीन सवयीने पुष्कळजण 'निरंक' लिहितात. डेटाबेसच्या लेखी 'निरंक' ही इतर कोणत्याही शब्दासारखीच एक भरलेली किंमत आहे. मोकळे अवतरण, म्हणजे एकही चिन्ह नसलेला मजकूर, हाही नलपेक्षा वेगळा. ओरॅकल तेवढे दोन्ही एकच धरते. अशा तक्त्यावर अट लावण्याआधी त्या रकान्यात कोणकोणत्या किमती आहेत आणि प्रत्येकीच्या किती ओळी आहेत हे एकदा मोजून घ्यावे. 'सिलेक्ट सिंचन_साधन, काउंट(*) ... ग्रुप बाय सिंचन_साधन' ही एका ओळीची आज्ञा पुढचे बरेच श्रम वाचवते.

'नॉट इन' आणि नल यांचे वैर याहून टोकाचे आहे. ज्या खातेदारांची नावे दुसऱ्या तक्त्यात नाहीत ते काढायला 'नॉट इन' लावले आणि त्या दुसऱ्या तक्त्यात एक जरी रिकामी ओळ असली, तर संपूर्ण निकाल शून्यावर येतो. कारण 'हे नाव त्या अज्ञात किमतीहून वेगळे आहे का?' याला ठाम उत्तर देता येत नाही. अशा वेळी 'नॉट एक्झिस्ट्स' वापरावे.

तारखा

'बिटवीन' दोन्ही टोके धरते. '१ ऑक्टोबर आणि ३१ ऑक्टोबर यांच्या बिटवीन' म्हटले तर दोन्ही दिवस येतात, पण रकान्यात नुसती तारीख असेल तरच. तारखेसोबत वेळही साठवलेली असेल तर '३१ ऑक्टोबर' याचा अर्थ त्या दिवशीची रात्री बारा वाजताची सुरुवात. सकाळी अकराची नोंद बाहेर. महिन्याचा शेवटचा दिवस असा दरमहा गळत राहतो. म्हणून तारखांची अट अर्धखुली लिहिण्याची सवय बरी:

व्हेअर दिनांक >= '२०२३-१०-०१' अँड दिनांक < '२०२३-११-०१'

महिना ३० चा की ३१ चा, वर्ष लीप की नाही, याचा विचारही मग करावा लागत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिण्याचेही कारण आहे: ०३/०८ हे भारतीय वाचकाला ३ ऑगस्ट असते, तर अमेरिकी मांडणीवर बेतलेल्या प्रणालीला ८ मार्च.

वर्ष कोणते, हा प्रश्न त्याहून मोठा. महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते, आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. गाव नमुना बारावरील '२०२३-२४' आणि अनुदानाच्या कागदावरील '२०२३-२४' हे दोन वेगळे कालखंड आहेत. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या नोंदी खर्चाच्या तक्त्याशी जुळवताना दोन्हीकडे '२०२३-२४' अशी अट लावली, तर एप्रिल ते जुलै हे चार महिने दोन्ही टोकांना निसटतात. वर्षाच्या नावावर अट न लावता तारखांवर लावणे हाच यावरचा खात्रीचा मार्ग.

अर्धवट जुळणी

पूर्ण नाव माहीत नसेल तर 'लाइक' कामी येते. टक्क्याचे चिन्ह म्हणजे कितीही चिन्हे, अधोरेषा म्हणजे नेमके एक चिन्ह. 'वडनेर%' ने सुरुवात वडनेर असलेली सर्व नावे मिळतात, '%भोलजी' ने शेवट भोलजी असलेली, '%गाव%' ने मधे कुठेही गाव असलेली. शेवटची अट महाराष्ट्रात लावली तर निम्मा नकाशा हाती येईल. जिल्ह्याच्या रकान्याऐवजी पत्त्याच्या मजकुरात '%जळगाव%' शोधले की जळगाव जिल्ह्याबरोबर बुलढाण्यातला जळगाव जामोद तालुकाही येतो, आणि दोन्ही जिल्हे एकमेकांना लागून असल्याने ही मिसळ नजरेला खटकतही नाही. मलकापूर म्हटले तरी बुलढाण्यातले एक, कऱ्हाडजवळचे दुसरे, शाहूवाडी तालुक्यातले तिसरे. 'लाइक'ची अट एकटी सोडू नये. सोबत जिल्ह्याची किंवा संकेतांकाची अट असावी.

देवनागरीतल्या शोधाला मात्र स्वतंत्र काळजी लागते, आणि बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजीसाठी लिहिलेली असल्याने तिची चर्चा क्वचितच सापडते. डोळ्याला जे अक्षर दिसते आणि संगणक जी चिन्हे साठवतो ती एकच नसतात. 'वडनेर' डोळ्याला चार अक्षरांचे; पण युनिकोडमध्ये व, ड, न, मात्रा आणि र अशी पाच चिन्हे. चार अधोरेषांची अट त्याला लागत नाही, पाच लागतात.

दिसायला सारखे आणि साठवणीत वेगळे, असे शब्द मराठीत बरेच आहेत. 'बँक' हा शब्द ब वर चंद्रबिंदू देऊनही लिहिता येतो आणि अर्धचंद्र व अनुस्वार अशी दोन चिन्हे देऊनही. बहुतेक फाँटांत दोन्ही जवळपास एकसारखे दिसतात, पण एकाचा शोध दुसऱ्याला सापडत नाही. 'ॲड.' मधला ॲ हे एक सबंध चिन्हही असू शकते किंवा अ आणि अर्धचंद्र अशी जोडीही. 'शेतकऱ्यांचे' मधला अर्धा र कोणी ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त देऊन लिहितो, तर कोणी साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतो. कोणता कीबोर्ड वापरला यावर ते ठरते, टंकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. युनिकोडचे प्रमाणीकरण करणारी फंक्शने यांतले सगळे भेद मिटवत नाहीत. त्यांच्या मते अर्धचंद्र-अनुस्वार आणि चंद्रबिंदू ही वेगळीच चिन्हे आहेत. त्यामुळे डेटा आत घेतानाच हे बदल करून एकच रूप ठेवणे, किंवा मूळ रकान्याशेजारी शोधासाठी एक साफ केलेला रकाना ठेवणे, हे दोनच पर्याय उरतात. दुसरा अधिक चांगला, कारण नोंदीतले मूळ नाव तसेच राहते. सातबाऱ्यावरील नावाला हात लावण्याचा अधिकार डेटाबेस चालवणाऱ्याला नसतो.

त्या साफ रकान्यात ऱ्हस्व-दीर्घाचे भेदही काढून टाकता येतात. पांडुरंग आणि पांडूरंग, वाशिम आणि वाशीम अशी रूपे हाताने भरलेल्या यादीत शेजारीशेजारी असतात. देवनागरी अंक आणि रोमन अंक हेही वेगळे: गट क्रमांक एका ठिकाणी '४५' आणि दुसऱ्या ठिकाणी रोमन अंकांत असेल तर बरोबरीची अट दोन्हींना जुळणार नाही. नावाच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा 'ट्रिम' फंक्शनने काढावी. जुना मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत असेल तर त्यावर देवनागरीत शोध चालणारच नाही. पडद्यावर मराठी दिसत असले तरी आत रोमन अक्षरांची सांकेतिक रांग असते. ते आधी रूपांतरित करावे लागते.

नावे बदलतात, नकाशाही

अट अचूक असून निकाल चुकीचा येण्याचा आणखी एक प्रसंग म्हणजे बदललेली नावे आणि सीमा. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद हे जिल्हे अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगर अहिल्यानगर झाले. दहा वर्षांचे दर मागताना नवे नाव तेवढे दिले तर जुनी वर्षे कोरी येतील. 'इन'च्या यादीत दोन्ही नावे हवीत. मलकापूर-नांदुरा पट्ट्यातून जाणारा महामार्ग जुन्या कागदांत क्रमांक ६ आहे, तर २०१० च्या नव्या क्रमांकनानंतर तो ५३.

सीमा बदलल्या की नुसती नावांची यादीही पुरत नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम वेगळा झाला. 'जिल्हा = अकोला' अशी अट लावून १९९५ ते २००५ चे पेरणीक्षेत्र काढले तर १९९८ नंतर मोठी घट दिसेल. ती पिकातली नव्हे, जिल्ह्यातली घट आहे. अशा वेळी अट जिल्ह्यावर न लावता तालुक्यांच्या यादीवर लावावी.

बेरजेवरची अट, जोडणीतली अट

'व्हेअर' एकेका ओळीला प्रश्न विचारते, म्हणून एकत्रित बेरजेवर अट लावायची असेल तर ती चालत नाही. ज्या समित्यांत सोयाबीनची एकूण आवक १,००० क्विंटलांहून अधिक झाली त्या हव्या असतील तर 'ग्रुप बाय' नंतर 'हॅविंग' येते:

सिलेक्ट समिती, सम(क्विंटल)
फ्रॉम आवक
व्हेअर शेतमाल = 'सोयाबीन'
ग्रुप बाय समिती
हॅविंग सम(क्विंटल) > १०००

'व्हेअर क्विंटल > १०००' लिहिले असते तर एकाच दिवसात एवढी आवक झालेल्या ओळी तेवढ्या आल्या असत्या. दोन्ही आज्ञा चालतात, दोन्हींची उत्तरे पटण्यासारखी दिसतात.

दोन तक्ते 'लेफ्ट जॉइन'ने, म्हणजे पहिल्या तक्त्याच्या सर्व ओळी राखून, जोडताना अट कुठे लिहिली यावरही निकाल बदलतो. तालुक्यातील सर्व गावे आणि त्यांच्या खरीप नोंदी हव्या आहेत, एकही नोंद नसलेली गावेसुद्धा दिसायला हवीत. 'हंगाम = खरीप' ही अट 'व्हेअर'मध्ये ठेवली की नोंद नसलेल्या गावांचा हंगाम नल असल्याने ती गावे गळतात. अट जोडणी सांगणाऱ्या 'ऑन'च्या ओळीत ठेवली तर गावे राहतात आणि त्यांच्यापुढे जागा रिकामी दिसते. पाहणी कुठे झालीच नाही हे शोधायचे असेल तर याच रिकाम्या जागा पाहायच्या असतात.

वेग आणि सुरक्षितता

तक्ता मोठा झाला की अट कशी लिहिली यावर वेळ ठरतो. रकान्यावर इंडेक्स, म्हणजे किमतींची क्रमवार यादी, असेल तर डेटाबेस सरळ हव्या जागी पोचतो, नाहीतर प्रत्येक ओळ वाचतो. रकान्याभोवती फंक्शन गुंडाळले, उदाहरणार्थ 'इयर(दिनांक) = २०२३', की साधा इंडेक्स निरुपयोगी होतो; वर दिलेली अर्धखुली तारखांची अट तेच काम इंडेक्स वापरून करते. 'वडनेर%' ला इंडेक्सचा फायदा मिळू शकतो, '%भोलजी' ला मिळत नाही, कारण सुरुवातच माहीत नसेल तर क्रमवार यादीत शोधायला कुठून लागायचे?

वापरकर्त्याने टंकलेला मजकूर अटीत थेट चिकटवू नये. गोव्यातील किंवा वसईतील डि'सोझा आडनावाच्या व्यक्तीने आपले नाव भरले की त्यातील एकेरी चिन्हाने अवतरण मधेच संपते आणि आज्ञा मोडते. जे निरागसपणे मोडते ते हेतुपुरस्सर मोडून परकी आज्ञाही आत घुसवता येते. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. आज्ञेत किमतीच्या जागी खूण ठेवून प्रत्यक्ष किंमत वेगळी पाठवणे, म्हणजे पॅरामीटर वापरणे, हा त्यावरचा रूढ आणि पुरेसा उपाय आहे. चिन्हे गाळत बसण्याचे घरगुती उपाय टिकत नाहीत.

तालुका पातळीवर बरेच काम आजही एक्सेलमध्येच चालते. तिथला फिल्टर ओळी काढत नाही, लपवतो. खाली 'सम' लावलेले असेल तर लपलेल्या ओळीही बेरजेत धरल्या जातात. दिसणाऱ्या ओळींपुरती बेरीज हवी असेल तर 'सबटोटल' वापरावे.

निकालाची पडताळणी

कोणत्याही अटीची सर्वांत स्वस्त चाचणी मोजणीची आहे. तक्त्यातील एकूण ओळी, अट लागू होणाऱ्या ओळी, 'नॉट' लावून येणाऱ्या ओळी आणि अटीतल्या रकान्यात नल असलेल्या ओळी अशा चार संख्या काढाव्यात. एकाच रकान्यावरच्या, 'इज नल' नसलेल्या अटीत शेवटच्या तिन्हींची बेरीज पहिलीएवढी आली पाहिजे. वरच्या सिंचनाच्या उदाहरणात ३० अधिक ७० अधिक १०० बरोबर २००. ही मांडणी समोर असती तर १०० चा आकडा लगेच खटकला असता. दुसरी चाचणी ओळखीच्या ओळीची. निकालात असायलाच हवे असे एखादे नाव आणि नसायलाच हवे असे एखादे नाव आधी ठरवून ते तपासावे. 'लिमिट' लावून वरच्या दहा ओळी पाहण्याला पडताळणी म्हणता येत नाही. ओळींचा क्रम ठरवणारे 'ऑर्डर बाय' नसेल तर त्या दहा कोणत्या याचीही हमी डेटाबेस देत नाही.

निकाल अहवालात जाणार असेल तर त्याखाली अट शब्दांत लिहावी: "समिती नांदुरा व मलकापूर, शेतमाल सोयाबीन, दिनांक १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ ऑक्टोबर २०२३, दोन्ही दिवस धरून, क्विंटलचा रकाना रिकामा असलेल्या ओळी वगळल्या, त्यांची संख्या वेगळी दिली आहे." त्याबरोबर माहिती कोणत्या तारखेला काढली तेही लिहावे, कारण तोच तक्ता महिन्याभराने उशिरा आलेल्या नोंदी धरून वेगळे उत्तर देईल आणि दोन्ही उत्तरे आपापल्या दिवशी बरोबर असतील.